खांद्यापासूनचं माप

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं माप चुकत नाही. एकेचाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवतोय. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतं तेव्हाच तिचा खांदा किती ते मला कळतं, टेप मी नुसती तिच्या समाधानासाठी लावतो. कोण जाड झालं, कोण वाळलं, हे घरच्यांच्या आधी मला समजतं आणि मी तोंड मिटून बसतो, म्हणून तर दुकान चाललंय. तर अशा माझं माप चुकलं. आणि चुकलं ते कशाचं, तर बोटभर लांबीच्या एका फुलाचं!

झालं असं की सोमवारी ठकी दुकानात आली. ठकी म्हणजे माझी लेक. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी बाहुलीसारखी बसवू तिथे बसून राहायची, म्हणून तिच्या आईनं ठकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. आता नर्स आहे, बारा-बारा तास पायांवर उभी असते, तरी आमची ठकीच. तिला दूरच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि रविवारी सकाळी तिची गाडी होती. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "बाबा, मला आईच्या लिलीचे चार कंद द्या. तिथे खोलीला बाल्कनी आहे. पण आईचेच हं! तुमची चूक नको."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी नुसतं "हं" म्हटलं. टाचण्या नसत्या तरी दुसरं काही बोलता आलं नसतं. 

'तुमची चूक' म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमची ही कॉलेजात वाळवलेल्या झाडांचं कपाट सांभाळायची. हर्बेरियम म्हणतात त्याला. रानातून आणलेलं झाड कागदात दाबायचं, रोज कागद बदलत वाळवायचं, मग जाड शीटवर बारीक टाके घालून बसवायचं आणि खाली ते कुठे, कधी, कोणाला मिळालं ते लिहायचं. टाके माझ्याकडूनच शिकली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला रानटी पावसाळी लिली हवी होती. पाऊस पडून गेला की तीन-चार दिवसांनी जमिनीतून नुसता एक दांडा वर येतो आणि त्यावर पांढरं, सहा पाकळ्यांचं एकच फूल, ती लिली. आमच्याकडे तिच्या दोन जाती उगवतात आणि दोघी इतक्या सारख्या की जुळ्या बहिणी परवडल्या. शास्त्रातली नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत हे बघून हिनं घरगुती नावं ठेवली होती, लांबनळी आणि आखूडनळी. पाकळ्या जिथे एकत्र येतात तिथून खाली फुलाला नळी असते, एकीची लांब, एकीची आखूड. हिला लांबनळी हवी होती. ठकीच्या वेळचे दिवस होते, हिला वाकवत नव्हतं. मी म्हटलं, मी आणतो, त्यात काय एवढं. रेल्वेफाटकामागच्या माळावर गेलो, चिखलात गुडघे माखून कंदासकट झाडं उपटली आणि फुशारक्या मारत घरी आलो. हिनं एक नजर टाकली आणि अशी हसत सुटली, अशी हसत सुटली, की शेवटी पोट धरून भिंतीला टेकली. मी आखूडनळी आणली होती.

तरी तिनं ती टाकली नाही. अंगणात एका पत्र्याच्या डब्यात लावली. नंतर लांबनळी तिची तिनं आणली आणि शेजारच्या डब्यात लावली. पुढे दोघींचे दोन-दोन डबे झाले. डब्यांवर पत्र्याच्या पट्ट्या अडकवल्या होत्या, खिळ्यानं अक्षरं कोरून. दोन पट्ट्यांवर 'आईची', दोनांवर 'बाबांची चूक'. ठकी आठ वर्षांची असताना तिनं कोरल्या होत्या त्या.

ही जाऊन चौदा महिने झाले. गेल्या हिवाळ्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रिकाम्या घरात बसवेना म्हणून काहीतरी आवरायचं काढलं. चारही डबे एका ताडपत्रीवर उलटे केले, कंद चिंध्यांसारखे निवडले. जाडजूड, ओलसर ते ठेवले. बारके, वाळक्या कांद्यासारखे दिसणारे, ज्यांना एक पातही नव्हती, ते मेले समजून कचऱ्यात टाकले. उरलेले चारी डब्यांत सारख्या अंतरावर लावले. पट्ट्या धुऊन बटणांच्या डब्यात ठेवल्या. आणि काम झाल्यावर कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिलो. काय नीटनेटकं दिसत होतं! कोणाची कुठली, हे आपण कायमचं पुसून टाकलंय, हे डोक्यात यायला मला दोन दिवस लागले. आलं तेव्हा दुकान बंद करून आत जाऊन बसलो. ठकीला सांगायची हिंमत झाली नाही.

आता पाच दिवसांत आईच्या कुठल्या ते शोधायचं होतं. बिनफुलांच्या त्या पातीवरून मला काय कळणार, कपाळ! पण नशीब बघा, मंगळवारी पहाटे चांगला तासभर पाऊस पडला. बुधवारी, गुरुवारी मी दर दोन टिपांनंतर मशीन थांबवून अंगणात डोकावत होतो. एका बाईनं विचारलंसुद्धा, "काका, आत दूध ठेवलंय का गॅसवर?" शुक्रवारी दांडे वर आले, टोकाला कळ्या. दिवेलागणीला त्या उमलल्या. एकतीस फुलं. अंगणभर तो मंद वास, जो हिच्या पदराला यायचा. मी स्टूल घेतलं, टेप घेतली, कानावर पेन्सिल, हातात वही. म्हटलं, मापाचाच तर प्रश्न आहे, आणि मापात आपल्याला कोण हरवणार.

दांड्याच्या टोकाला पातळ पापुद्र्याचं एक म्यान असतं, कळी त्यातूनच बाहेर येते. तिथून टेप धरली आणि पाकळ्या पसरतात तिथपर्यंत नेली. साडेतीन इंच. दुसरं फूल, साडेतीन. तिसरं, साडेतीनाला एक धागा कमी. चौथं, साडेतीन. अहो, एकतीसच्या एकतीस! जशी काही मीच एका कापडातून बेतली होती. पुन्हा पहिल्यापासून मापली. तेच. मग वही फेकली आणि फुलांवरच ओरडलो, "अरे, एक तरी लांब निघा की!" शेजारच्या आजोबांनी भिंतीवरून डोकं काढून पाहिलं आणि बिचारे मुकाट्यानं खाली गेले.

वाटलं, संपलं, सगळी आखूडनळीच. जी फेकली तीच सगळी हिची होती.

शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि कॉलेजात गेलो. हिच्या जागी आता एक मॅडम आहेत. हिच्याच हाताखाली शिकल्या, हिला ताई म्हणायच्या, मला काका म्हणतात. खोली तशीच होती. उंच लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, खिडकीशी ते लांब टेबल. हिच्या खुर्चीवरची उशी मी शिवलेली. मॅडमनी काय काम काढलं ते विचारलं, मी सगळं सांगितलं, पट्ट्या, ताडपत्री, कचरा, काही लपवलं नाही. घराबाहेरच्या माणसाला सांगायला सोपं जातं.

त्यांनी विचारलं, "काका, मापलंत कुठून कुठपर्यंत?"

मी टेबलावरची पेन्सिल धरून दाखवलं. म्यानाच्या तळापासून ओठापर्यंत.

त्या हसल्या. अगदी हिच्यासारखं नाही, पण त्याच खोलीतलं हसणं. म्हणाल्या, "बाहीचं माप कुठून घेता?"

"खांद्याच्या जोडापासून. अजून कुठून घेणार?"

"मानेपासून घेतलं तर?"

"मानेपासून कोण घेतं? कोणाचा खांदा रुंद, कोणाचा अरुंद. अरुंद खांदा आणि लांब हात, रुंद खांदा आणि आखूड हात, माप एकच येईल, आणि कपडा..." इथे मी पेन्सिल खाली ठेवली. 

मॅडमनी दोन शीट काढून समोर ठेवल्या. लांबनळीचं फूल म्यानातूनच थेट सुरू होतं. नळीच्या बुडाशी जी हिरवी गाठ असते, जिच्यात पुढे बी धरतं, ती म्यानातच दडून बसलेली, आणि तिथून वर सगळी नळीच नळी. आखूडनळीला मात्र म्यानातून आधी एक देठ निघतो, चांगला दीड-दोन इंच, मग ती हिरवी गाठ, आणि मग कुठे नळी सुरू होते, तेवढीच दीड-पावणेदोन इंच. गाठ म्हणजे खांदा. मी एकतीस फुलांच्या बाह्या मानेपासून मापल्या होत्या! शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर उभं केलं असतं.

आणि हेच आमची ही मला सांगत आलेली. एकदा नाही, शंभरदा. "लांबीवर जाऊ नका हो, जोड कुठे आहे ते बघा." दर पावसानंतर सांगायची. आणि मी तोंडात टाचण्या धरून हं हं करायचो. अडतीस वर्षं फुलं माझ्या दारात फुलत होती आणि मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. मला तिथे त्या टेबलाशी रडू आलं. मॅडम खिडकी लावायला गेल्या, ती आधीच लागलेली होती.

परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, ही दुसरी शीट नीट वाचा ना."

आखूडनळीची होती. टाके हिचे, मी कुठेही ओळखीन, उलट्या बाजूला गाठ न मारता धागा दाबून घेण्याची सवय तिची. खाली छापील चिठ्ठी, तारीख अडतीस वर्षांपूर्वीची, ठिकाण रेल्वेफाटकामागचं माळरान. संग्राहकाच्या रकान्यात माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. आणि चिठ्ठीखाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं, बारीक: 'चुकून आणली. ठेवली.'

एवढंच.

मला वाटायचं, ती माझी चूक घरातल्या हसण्याची गोष्ट. तिनं ती नीट वाळवून, शिवून, माझ्या नावानं कपाटात ठेवली होती आणि मला सांगितलंसुद्धा नव्हतं. असली होती ही.

संध्याकाळी स्टूलही घेतलं नाही, सरळ फरशीवर बसलो. दुसऱ्या दिवशी फुलं किंचित गुलाबी पडतात, तशी पडायला लागली होती. टेप खिशातच राहिली. अंगठ्याचं नख दांड्यावरून वर नेत जायचं, म्यानापासून, आणि गाठ कुठे लागते ते बघायचं. पहिल्या फुलाला गाठ वर लागली, म्हणजे माझी. दुसऱ्यालाही वरच. तिसरी, चौथी, माझी, माझी. विसाव्या फुलापर्यंत नखाखाली हिरवं झालं. सत्ताविसावं फूल, कोपऱ्यातल्या डब्यातलं, तिथे नख म्यानातच अडकलं. वर देठ नाही, गाठ नाही, नुसती गुळगुळीत नळी. पुन्हा पाहिलं. हिचीच! पण उरलेली चार परत माझी निघाली.

एकतीसांत एक.

ठकी सातला येणार होती. साडेसहा वाजले होते. आता जे केलं ते सांगतो, सांगायला लाज वाटते तरी. मनात म्हटलं, पोरीला काय कळणार आहे? डब्यातले माझे चार कंद काढले, मातीसकट कापडात गुंडाळले. त्यांच्यासाठी सकाळीच एक पिशवी शिवली होती, चार कप्प्यांची. एकेका कप्प्यात एकेक ठेवला, बटणांच्या डब्यातून 'आईची' लिहिलेली पट्टी काढून पिशवीच्या बंदाला बांधली. ती खूश होईल, एकुलती एक माझ्याजवळ राहील, आणि मी काय केलं ते कोणाला कळायचं नाही. कसं चोख बसत होतं सगळं!

ठकी आली. दमलेली होती, दिवसभर सामान बांधत होती. पिशवी तिच्या हातात दिली. तिनं आधी पट्टीच पाहिली. आपणच कोरलेली ती वाकडी अक्षरं बोटानं चाचपली आणि पिशवी छातीशी धरून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला तिथे जायची फार भीती वाटतेय. सगळ्यांना सांगते, मजेत आहे, पण वाटतेय. ही असली ना, की आई आहे असं वाटेल."

झालं. माझ्या तोंडात आज टाचण्या नव्हत्या.

"ती आईची नाही," मी म्हटलं. "माझी आहे. चारही माझ्या."

आणि मग सगळं सांगितलं. ताडपत्री सांगितली, वाळके कंद मी कचऱ्यात टाकले ते सांगितलं.  कचऱ्याचं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. "फेकून दिलीत? आईची फेकून दिलीत? मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

"नाही करता आला."

"आणि आज खोटं देत होतात?"

"हो."

ती फरशीवर बसली, माझ्याकडे पाठ करून. मी उभा.   मग कोपऱ्यातला तो डबा उचलून तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी बसलो. म्हटलं, "एक आहे. बघ." तिचं बोट धरलं, म्यानापाशी ठेवलं आणि वर नेलं. "लागते का गाठ? नाही ना? आता ही बघ, माझी. इथे, वर. हा खांदा. लांबीवर जायचं नाही, जोड बघायचा."

"आई सांगायची हे," ती म्हणाली. "मला कधी कळलंच नाही."

"मला आज कळलं."

तिला हसू आलं, रडतारडताच. मग मी कॉलेजातली शीट सांगितली, माझं नाव सांगितलं, कोपऱ्यातले ते दोन-तीन शब्द सांगितले. तिनं परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं. मग मी खुरपं घेतलं. हिचा तो कंद काढायला घेतला, कडेनं, मुळं न दुखवता.

"काय करताय?"

"तुझा आहे. तू मागितला होतास."

तिनं माझं मनगट धरलं. नर्सची पकड आहे तिची, सोडवून घेता येत नाही. म्हणाली, "राहू दे, बाबा. तुम्ही आता एकटे असणार."

"अगं, पण तुला आईची हवी होती ना?"

"हवी होती." तिनं पिशवीच्या बंदाची गाठ सोडली, 'आईची' पट्टी काढली आणि कोपऱ्यातल्या त्या एका दांड्याशेजारी मातीत खोचली, अगदी सरळ. "आईनं इतकी वर्षं जी सांभाळली, ती मी नेते. ही पण तिचीच झाली की."

मी नाक पुसायला टेपच काढली खिशातून, रुमाल समजून. तिनं तेवढ्यात आत जाऊन दुकानातला मापाचा कागद आणला आणि माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. गुडघ्यावर कागद ठेवून काहीतरी लिहिलं, टाचणीनं पिशवीला लावलं आणि वाचायला माझ्यापुढे धरलं. अक्षर हिच्यासारखंच आहे तिचं, बारीक, उजवीकडे झुकलेलं. वर तारीख होती. संग्राहकाचं म्हणून तिचं पूर्ण नाव होतं, माझ्या नावासकट. आणि खाली कोपऱ्यात: 'मुद्दाम नेली.'